भाड्याचं घर सोडताना: ताबा-यादी, पुराची रेघ आणि डिपॉझिट

बडोद्यात कारेलीबागेतलं तळमजल्यावरचं भाड्याचं घर आम्ही २०२५ च्या एप्रिलमध्ये सोडलं. जवळजवळ चार वर्षं तिथं राहिलो. सोडायचं ठरलं तेव्हा ओळखीतल्या बहुतेकांनी एकच सांगितलं, की डिपॉझिटवर पाणी सोडा, मालक काही ना काही काढून ते ठेवूनच घेतात. आमचं परत मिळालं. त्यासाठी काय केलं, कुठे अडलं आणि किती खर्च आला ते क्रमाने लिहिते आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ज्यांच्या भाड्याच्या घरात पाणी शिरलं आणि जे आता ते घर सोडायच्या बेतात आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १ जून २०२१ ला आम्ही राहायला आलो. भाडं १५,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००. करार नेहमीसारखा ११ महिन्यांचा, दर वेळी नवा केलेला. (एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो, म्हणून हे ११ महिन्यांचं प्रकरण सगळीकडे चालतं.) शेवटी भाडं १७,००० वर आलं होतं, डिपॉझिट तेवढंच राहिलं. कराराला एक परिशिष्ट जोडलेलं होतं: पंखे ५, ट्यूबलाइट ७, गिझर १, किचनची चिमणी १, कपाटं ३, किल्ल्यांचे जोड ३. एवढंच. कुठली वस्तू कशा अवस्थेत आहे, याबद्दल एक शब्द नाही. आपल्याकडच्या बहुतेक करारांची यादी अशीच असते आणि सोडताना भांडणाचं मूळ तिथेच असतं, कारण यादी फक्त "आहे" म्हणते, "कसं आहे" म्हणत नाही. आमच्याकडे एक गोष्ट मात्र होती. सामान लावण्याआधी नवऱ्याने रिकाम्या घरात सगळ्या खोल्यांचे फोटो काढून आईवडिलांना पाठवले होते, नवं घर दाखवायला. ते फोटो तारखेसकट सासूबाईंच्या फोनमध्ये तसेच राहिले होते.

घरमालक काका-काकी २०२२ मध्ये मुलाकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला गेले आणि घराची देखरेख काकांच्या भाच्याकडे आली. तो बडोद्यातच राहतो. आम्ही त्याला भाई म्हणायचो, तो मला बेन.

मग तो पूर. २६ ऑगस्ट २०२४, जन्माष्टमीचा दिवस, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे, त्या पुरात ती ३५ फुटांच्याही वर गेली. आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा अंधार होता. सासूबाईंना आणि मुलाला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेलं, जमेल ते सामान माळ्यावर चढवलं आणि बाकीचं सोडलं. सोफा, फ्रिज, सासूबाईंची शिलाई मशीन, मुलाची सगळी पुस्तकं गेली. शहरात मगरी दिसल्याच्या बातम्या येत होत्या, त्यामुळे पाणी ओसरेपर्यंत मुलाला जिन्याची शेवटची पायरीही उतरू दिली नाही. २९ तारखेला खाली आलो तेव्हा घरभर गाळ होता आणि भिंतींवर एका उंचीवर सरळ तपकिरी रेघ.

त्या दिवशी डोकं चालण्याच्या अवस्थेत नव्हतं, तरी गाळ काढण्याआधी नवऱ्याने पूर्ण घराचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळी काकांना पाठवला. काकांचं उत्तर अजून माझ्याकडे आहे: "पहेलां कहो, बधां सलामत छो ने? घरनुं पछी जोईशुं." आधी सांगा, सगळे सुखरूप आहात ना, घराचं मग बघू. नंतर इलेक्ट्रिशियनकडून खालचे सॉकेट तपासून घेतले, त्याचे १,८०० रुपये काकांच्या परवानगीने सप्टेंबरच्या भाड्यातून वळते केले. हाही निरोप लेखी होता. अशा वेळी फोनवर बोलणं झालं तरी मागून दोन ओळींचा मेसेज टाकून ठेवावा: "आत्ता बोललो त्याप्रमाणे अमुक रक्कम वळती करत आहे." समोरच्याने नुसतं "ओके" लिहिलं तरी पुरतं.

तो पावसाळा तसाच काढला, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत तळमजल्यावर राहायची कुणाचीच तयारी नव्हती. बडोद्यातच गोत्री भागात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. २८ फेब्रुवारी २०२५ ला काकांना सूचना दिली. करारात एक महिन्याची आगाऊ सूचना लिहिलेली होती, आम्ही १० एप्रिल ही तारीख कळवली आणि त्याच पत्रात लिहिलं, की एप्रिलच्या दहा दिवसांचं भाडं १७,००० च्या हिशेबाने ५,६६७ रुपये होतं, ते १ तारखेला भरू. पत्रावर सही करून त्याचा फोटो ईमेलने काकांना आणि व्हॉट्सॲपवर भाईला पाठवला. "शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या" असं आम्हाला अनेकांनी सुचवलं होतं. ते केलं नाही, कारण भाडं थकवल्यावर बाकीच्या मुद्द्यांवर ठामपणे बोलणं अवघड जातं.

दोन दिवसांनी काकांच्या मुलाचा ईमेल आला. त्यात एक कोरा तक्ता होता. तो स्वतः इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांत राहिलेला, त्याने लिहिलं होतं की तिकडे घर सोडताना खोलीवार यादी करतात, तशीच आपण करू, म्हणजे कुणाच्या मनात काही राहणार नाही. तक्त्याचे रकाने असे: वस्तू किंवा भाग, येतानाची स्थिती, जातानाची स्थिती, स्वच्छता, फोटोचा क्रमांक, शेरा. वरच्या बाजूला मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या. धुराचा अलार्म चालतो का, असाही एक रकाना होता, आपल्या घरांत तो नसतोच, तिथे मी पाइपच्या गॅसचा मुख्य कॉक नीट बंद होतो का ते लिहिलं.

खरं सांगायचं तर तो ईमेल पाहून मला आधी वाईट वाटलं. चार वर्षं एकही भाडं उशिरा दिलं नव्हतं, आणि आता आपलं घर कुणी भिंग घेऊन तपासणार असं वाटलं. नवरा म्हणाला, यादी आपल्याही बाजूची आहे, नीट भरू. ते मला तेव्हा पूर्ण पटलं नाही, पण भरायला बसल्यावर पटलं. "येतानाची स्थिती" हा रकाना भरताना २०२१ चे फोटो एकेक करून मोठे करून पाहिले, आणि हॉलच्या खिडकीखालचा ओलीचा डाग, किचनच्या ओट्याला गेलेला तडा, दुसऱ्या बेडरूमच्या कपाटाचं न लागणारं कुलूप हे सगळं आम्ही येण्याआधीचं आहे हे त्यात स्पष्ट दिसत होतं.

मार्चचे शेवटचे दोन आठवडे दुरुस्त्यांत गेले. आम्ही ठोकलेले पडद्याचे रॉड, आरओ, इन्व्हर्टर आणि खिडक्यांच्या मच्छरजाळ्या आमच्या होत्या. भाडेकरूने स्वतः बसवलेल्या वस्तू ताबा सोडण्याआधी काढून नेता येतात, फक्त जागा मूळ स्थितीत ठेवायची, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. म्हणून रॉड काढल्यावर भोकांत लापी भरून घेतली (इथले रंगारी पुट्टीला लापीच म्हणतात) आणि आरओच्या जोडणीला प्लंबरकडून प्लग लावून घेतला. रंगाऱ्याचे ९००, प्लंबरचे ३५०. भोकं भरल्यावर त्यावर अंदाजाने रंग लावू नका. भाईला विचारलं तर जुन्या रंगाचा शेड नंबर त्यांच्याकडेही नव्हता, आणि वेगळ्या छटेचा ठिपका भोकापेक्षा जास्त डोळ्यात भरतो. आमच्या रंगाऱ्याने लापी घासून तशीच ठेवायला सांगितली आणि यादीत "भोकं भरली, रंग नाही" असं लिहायला सांगितलं. तेच केलं.

मार्चअखेर असल्यामुळे आणखी एक काम उरकलं. वर्षभराच्या भाड्याच्या पावत्या काकांकडून मागवून घेतल्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर नोकरीच्या ठिकाणी घरभाड्याची सवलत घेताना मालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो. घर सोडल्यावर ही कागदं मागणं संकोचाचं होतं, आधीच मागा.

३० मार्चला पाडवा होता. गुढी नव्या घरी उभारली आणि त्याच दिवशी ट्रक केला, ६,५०० रुपये. जुन्या घराचा ताबा १० एप्रिलपर्यंत आमच्याकडे होता. हे दहा दिवस दोन्ही घरांचं भाडं भरावं लागलं, ते जड गेलं, पण मी पुन्हा तसंच करीन. सामानाने भरलेल्या घराची यादी करता येत नाही. कपाट सरकवल्यावर मागे काय आहे हे कपाट गेल्यावरच कळतं, आणि ट्रक दारात उभा असताना कुणी भिंती पाहत नाही.

रिकामं घर दोन बायकांकडून दिवसभर धुऊन घेतलं, १,६००. चिमणी वेगळी साफ करवली, ७००. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्यातून) तेव्हाही पुराचा गाळ निघाला. सात महिन्यांनी. त्या बायका आपसांत बोलत होत्या, की यंदा ज्या ज्या घरात काम केलं तिथे हेच निघतंय.

मग मी टेप घेऊन पुराची रेघ मोजली. पुसल्यावर भिंतीवरचा तपकिरी रंग गेला होता, पण रेघेखाली रंगाचे पोपडे सुटले होते आणि पांढरा खार आला होता, त्यामुळे ती कुठवर होती ते सहज कळत होतं. हॉलमध्ये २२ इंच. किचनमध्ये २२. दोन्ही बेडरूममध्ये, पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दारावर, सगळीकडे २२ इंच. प्रत्येक ठिकाणी टेप लावलेला फोटो काढला. हे करताना पुढे त्याचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पाणी पातळी एकच ठेवतं, म्हणून नुकसान पुराचं आहे की दुसऱ्या कशाचं, हे उंचीवरून सांगता येतं. नळ गळत असेल किंवा कुणी निष्काळजीपणे पाणी उडवत असेल तर डाग एका जागी येतो, घरभर एका उंचीवर येत नाही.

शनिवारी ५ एप्रिलला सकाळी भाई पाहणीला आला. भरलेल्या यादीच्या दोन प्रती मी तयार ठेवल्या होत्या. एकेक खोली घेतली: दिवे-पंखे लावून, नळ सोडून, फ्लश ओढून, गिझर दहा मिनिटं चालवून, खिडक्या उघडून मिटून. नवरा व्हिडिओ काढत होता आणि सुरुवातीला त्याने भाईला तसं सांगितलं होतं. न सांगता काढू नये, माणूस दुखावतो. तासाभरात दोन बेडरूम आणि हॉल झाला, सगळं खेळीमेळीत. मुलाच्या चेंडूने फुटलेली बेडरूमची काच आणि कपाटाच्या दोन निघालेल्या मुठी आम्ही आधीच "आमच्याकडून" असं लिहिलं होतं. भाईने त्यावर मान डोलावली.

किचनमध्ये सूर बदलला. ओट्याखालची प्लायवूडची कपाटं खालून फुगली होती. भाई म्हणाला, ही बदलावी लागतील. मग बाथरूमचं दार: खालून फुगलेलं, त्याचा लॅमिनेट सुटलेला. तो म्हणाला, हे रोजच्या पाणी उडवण्यानं झालंय. मग त्याने भिंतींकडे हात केला आणि खिशातून कागद काढून आकडे लिहिले: रंगकाम १८,०००, कपाटं ९,५००, दार ४,२००. बेरीज ३१,७००. म्हणजे पूर्ण डिपॉझिट गेलं आणि वर १,७०० आम्हीच द्यायचे. मी पुराबद्दल बोलले. तो शांतपणे म्हणाला, "बेन, रंगना पैसा तो बधा कापे छे, रिवाज छे." रंगाचे पैसे तर सगळेच कापतात, रीतच आहे. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्याला ते खरोखरच तसं वाटत होतं, आणि त्यामुळेच मला उत्तर सुचेना. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आमचं काय काय गेलं त्याची यादी कुणी केली नाही हो." भाई त्यांच्याकडे पाहून गप्प झाला, पण कागद त्याने मागे घेतला नाही.

त्याने त्या कागदावर माझी सही मागितली. इथे जे केलं ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं. सही नाकारली नाही आणि नुसती सहीही केली नाही. त्याखाली लिहिलं: "पाहणी झाली. रकमा पाहिल्या. रकमा मान्य नाहीत. कारणं लेखी कळवू." मग तारीख, वेळ आणि सही, आणि कागदाचा फोटो. सही नाकारली की वातावरण बिघडतं, नुसती केली की ती कबुली धरली जाते.

त्या रात्री झोप लागली नाही. रविवारी रामनवमी होती, दुपारनंतर बसून कायदा वाचला. जे उपयोगाचं सापडलं ते असं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, भाडेकरूने जागा ज्या स्थितीत घेतली त्या स्थितीत परत द्यायची, मात्र रास्त वापराने झालेली झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या शक्तीने झालेले बदल त्यातून वगळलेले आहेत. याच कलमात त्याआधी आग, वादळ आणि पूर यांचा नावानिशी उल्लेख आहे: अशा आपत्तीने जागा कायमची वापरण्याजोगी राहिली नाही तर भाडेकरू करार रद्द समजू शकतो. आमचा करार काढून ओळ न ओळ वाचला. पुराबद्दल किंवा रंगकामाबद्दल त्यात काहीच नव्हतं. म्हणजे कायद्यातलंच लागू.

दुसरा आधार आदर्श भाडेकरू कायद्याचा, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मान्यता दिली. तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, त्यामुळे मी त्याचा दाखला "कायदा असं सांगतो" म्हणून दिला नाही, "वाजवी काय याचा नमुना" म्हणून दिला. त्याच्या परिशिष्टात कुणी काय दुरुस्त करायचं याची वाटणी आहे. भिंतींची रंगसफेदी, दारं-खिडक्यांना रंग, पाइप आणि वायरिंग मालकाकडे. नळ, नळाचे वॉशर, स्विच-सॉकेट, गिझरची दुरुस्ती, कपाटांच्या मुठी आणि कुलपं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. गंमत नाही, पण मनाला बरं वाटलं, कारण काच आणि मुठी आम्ही आपणहून मान्य केल्या होत्या आणि रंग मालकाकडे होता. घरगुती भाड्यासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं, हेही त्यात आहे. नवं घर घेताना हे माहीत असलेलं बरं.

सोमवारी काकांना ईमेल लिहिला, मुलाला आणि भाईलाही प्रत. भाषा साधी ठेवली, आरोप एकही नाही. तीन गट केले. पहिला: आमच्याकडून झालेलं, म्हणजे काच, मुठी, आणि किचनच्या वरच्या कपाटाचं एक झाकण, ज्याच्या बिजागऱ्या तेलाच्या डब्यांच्या वजनाने निसटल्या होत्या. दुसरा: वापराने झालेली झीज, म्हणजे चार वर्षांचा रंग. तिसरा: पुराचं. प्रत्येक ओळीसमोर २०२१ चा फोटो, २९ ऑगस्ट २०२४ चा फोटो आणि आताचा टेप लावलेला फोटो. वरच्या कपाटाचं झाकण २२ इंचांच्या रेघेच्या कितीतरी वर होतं, म्हणून ते पुराच्या गटात टाकलं नाही. हे मी मुद्दाम लिहिलं. आपण मान्य करायच्या गोष्टी मान्य केल्या की बाकीचं बोलणं ऐकलं जातं असं मला वाटलं होतं, आणि तसंच झालं.

८ एप्रिलला काकांनी व्हिडिओ कॉल केला. आमचे रात्रीचे साडेनऊ, तिकडचे संध्याकाळचे पाच. भाई आमच्या नव्या घरी येऊन बसला होता, मीच बोलावलं होतं. काकांनी फोटो आधी पाहिले होते. बाथरूमच्या दारावरच ते म्हणाले, "दिवाणखान्याच्या दाराला पण बावीस इंच आणि याला पण बावीस. तिकडे कोण आंघोळ करतं?" (काकांचं बालपण बडोद्यातल्या दांडिया बाजारात, मराठी वस्तीत गेलेलं, मराठी चांगलं बोलतात.) भाई हसला. दार आणि खालची कपाटं तिथेच सुटली.

रंगाबद्दल भाई अडून राहिला. नव्या भाडेकरूसाठी रंग द्यावाच लागणार, तो खर्च खरा आहे, असं त्याचं म्हणणं. यावर काकांच्या मुलाने जे सांगितलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. इंग्लंडमध्ये भाडेकरूचं डिपॉझिट २००७ पासून सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. वाद झाला तर ती योजना दोन्हीकडची यादी आणि फोटो पाहून निवाडा देते, आणि पैसे भाडेकरूचेच मानून कपात का हवी हे मालकाला सिद्ध करावं लागतं. त्यात एक तत्त्व पाळतात: जुन्याच्या बदल्यात मालकाला नवं मिळता कामा नये. वस्तूचं आयुष्य किती, त्यातलं किती सरलं, आणि उरलेल्या वाट्याचेच पैसे. इथे तो नियम लागू नाही हे त्यानेच सांगितलं, पण हिशेब म्हणून तो सगळ्यांना समजला. रंग २०२१ च्या मे महिन्यात दिलेला, चार वर्षांत तसाही द्यायलाच आला होता. काकांनी रंग सोडला. वरच्या कपाटाचं झाकण नवं करायला सुताराने २,४०० सांगितले होते. किचन २०१६ मध्ये केलेलं, आयुष्य दहा वर्षं धरलं तर नऊ सरली. उरलेला दहावा हिस्सा २४० रुपये. भाईने स्वतः तो आकडा लिहिला.

कॉल संपल्यावर तो चहाला थांबला. त्याच्या स्वतःच्या दुकानातही पूर शिरला होता आणि विम्याचं अजून रखडलेलं होतं, हे तेव्हा कळलं. एवढे दिवस आम्ही एकमेकांशी फक्त भाडं आणि मेंटेनन्स यावरच बोललो होतो.

१० एप्रिलला ताबा दिला. वीज मीटरचा फोटो काढला, आकडा आणि मीटरचा क्रमांक दोन्ही दिसतील असा. एमजीव्हीसीएलचं (इथल्या वीज कंपनीचं) बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे मागच्या बिलानंतरचे युनिट काढून मागच्याच बिलातल्या सरासरी दराने हिशेब केला: १,०५० रुपये. बडोदा गॅसच्या मीटरचंही तसंच, अंदाजे ३१०. काच ४५०, मुठी १६०, झाकण २४०. एकूण कपात २,२१०, परत यायचे २७,७९०. हे सगळं एका कागदावर, खाली किल्ल्या: मुख्य दाराचे ३ जोड, पत्रपेटीची १, गच्चीची १. "घराचा रिकामा ताबा आज मिळाला, वरील रकमेखेरीज कुणाचं कुणाकडे येणं नाही, रक्कम ३० एप्रिलपर्यंत देऊ" असं लिहून भाईने काकांच्या वतीने सही केली. काकांनी त्याला तसा अधिकार दिल्याचा मेसेज मी आधीच मागून घेतला होता. मालक परगावी किंवा परदेशी असेल तर हे विसरू नका, नाहीतर त्या सहीला किंमत नाही.

वाट पाहण्याचे दिवस मात्र लांबले. मधे एकदा मनात आलंच, की किल्ल्या आधी देऊन टाकल्या, आता हातात काय आहे. हातात सही केलेला कागद होता, म्हणून आठवण करून देणारा मेसेज २५ तारखेपर्यंत केला नाही. ३० एप्रिलला दुपारी पैसे खात्यात आले, पूर्ण २७,७९०. काकांना कळवलं. काकींनी उत्तरात सासूबाईंसाठी निरोप लिहिला, त्यात शिलाई मशीनची चौकशी होती. नवी घेतली नव्हती तोवर.

मे महिन्यात गॅसचं खरं बिल आलं. आमच्या वाट्याला ३३४ रुपये निघाले. भाईने फोटो पाठवला, वरचे २४ त्याला लगेच पाठवून दिले. आधारमधला पत्ता ऑनलाइन बदलला, ५० रुपये लागले, नव्या घराचा करार जोडला. बँक आणि मुलाच्या शाळेचं त्याच आठवड्यात उरकलं. नव्या घराची यादी आम्ही २३ मार्चलाच, सामान येण्याआधी, त्याच तक्त्यावर भरून मालकांची सही घेऊन ठेवली आहे. त्यात भिंतींच्या रकान्यात "खालच्या दोन फुटांत ओल नाही" असं वेगळं लिहून घेतलं. तिसऱ्या मजल्यावर हे कशाला, असं त्यांनी विचारलं, मी कारेलीबागेचं सांगितलं, आणि त्यांनी सही केली.